त्याच भावात मोठी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे आणि मला उताराची भीती वाटते. सायकलीने उताराला भ्यावे याचे तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. चढावर फक्त ढकलणारा दमतो. उतारावर दोघांचाही निकाल लागतो.

माझ्या जन्माचे मला फारसे आठवत नाही. तापलेल्या धातूचा वास, रंगाचा गार फवारा, आणि मग पुठ्ठ्याच्या खोक्यातला लांबलचक अंधार. मला खोक्यातून काढून जोडले ते जळगावच्या चांदभाईंनी, सत्त्याण्णव साली. जाड दातेरी टायर, अठरा गिअर, आडवे सरळ हँडल, पुढच्या चिमट्यात दोन स्प्रिंगा आणि मागचा भाग अगदी कडक. गल्लीत अशी सायकल नवीनच होती. लोक थांबत, हँडल दाबून स्प्रिंग खालीवर करत आणि घड्याळाकडे पाहून निघून जात. स्प्रिंग दाबणारे पुष्कळ, दांड्याखाली आपले पाय पुरतात का हे पाहणारा महिन्यातून एखादा. हा हिशेब मी दुकानात उभ्या उभ्या ठेवला आहे.

एके दिवशी अभिमन आला. तो पहूरचा. नऊ किलोमीटरवरच्या एका सरकारी दवाखान्यात मलेरिया कर्मचारी होता. घरोघर जायचे, तापाचा माणूस असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घ्यायचे, गोळ्या द्यायच्या, आणि आपण येऊन गेलो म्हणून दाराशेजारी भिंतीवर गेरूने तारीख लिहायची, असे त्याचे काम. माणूस मनमिळाऊ, उंचीने बेताचा. बरोबर त्याची बायको सुगंधाबाई होती. ती त्याच्यापेक्षा चार बोटे उंच होती आणि हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे कोणी बोलत नसे.

"डांबरीवर किती दिवस चालवणार?" चांदभाईंनी विचारले.

"रोज. पंधरा दिवसांतून एक गुरुवार टेकडीवरच्या वस्तीचा. तिथं निव्वळ गोटे आणि सुटी खडी."

अभिमनचा डोळा दर्शनी भागातल्या लाल सायकलीवर होता. तिला पुढे स्प्रिंग, मागेही स्प्रिंग.

"तिच्याकडे पाहू नका," चांदभाई म्हणाले. "तुमच्या पायाची निम्मी ताकद ती मागची स्प्रिंगच पिऊन टाकेल. डांबरीवर वरातीतल्या घोड्यासारखे डुलत जाल. ती काळी दूधवाल्याची सायकल टेकडीवर नेली, तर चाक खांद्यावर घेऊन घरी याल. रोज रस्ता आणि कधीमधी टेकडी असेल त्यानं पुढे स्प्रिंग, मागे कडक, अशीच घ्यावी."

इथपर्यंत सगळे शहाणपणाचे झाले. पण माझ्या शेजारी माझी धाकटी बहीण उभी होती. रंग तोच, गिअर तेच, फक्त फ्रेम लहान.

"या दोघींच्या भावात फरक किती?"

"काहीच नाही."

अभिमनचा चेहरा उजळला. मला तेव्हाच धडकी भरली. "एकाच भावात मोठी मिळते, तर लहान कशाला घ्यायची? लोखंड तरी जास्त येईल."

"लोखंड तोलायचं असेल तर भंगारवाला पुढच्या गल्लीत आहे, भाऊ. दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा बरं."

अभिमन उभा राहिला. चवड्यांवर.

"टाच टेकत नाही," चांदभाई म्हणाले.

"टेकेल. सवयीनं टेकेल."

"पोरांच्या चड्ड्या वाढत्या अंगाच्या घेतात, हे माहीत होतं," सुगंधाबाई म्हणाली. "तुम्ही अजून वाढणार आहात का?"

ती हे बोलली नसती, तर कदाचित त्याने धाकटी घेतली असती. बायकोने उंचीवर बोट ठेवल्यावर कोणता नवरा लहान फ्रेम घेईल? त्याने मला घेतले. चांदभाईंनी मडगार्ड, कॅरिअर आणि घंटी बसवली, आणि निघताना शेवटचे सांगितले, "उतारावर सीट एकदम खाली करा. बूड मागे. पुढचा ब्रेक दोन बोटांनीच, हळू. आणि भीती वाटली तर उतरून चाला, त्यात लाज नाही."

त्याने मान हलवली. मान हलवणारे आणि ऐकणारे यांचाही एक हिशेब माझ्याकडे आहे. तो राहू द्या.

डांबरीवरचे माझे दिवस कौतुकाचे गेले. अभिमन दर रविवारी मला पुसायचा. लोक म्हणाले, स्प्रिंग फार दाबली की दमते. मग त्याने केळीच्या खोडाचे सोपट आणून स्प्रिंगांवर घट्ट गुंडाळले, वरून जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या. ज्या स्प्रिंगसाठी मला आणले, तीच टिकावी म्हणून बांधून ठेवली. घरात पाहुण्यांसाठी ठेवलेले कप कोणी कधी वापरतो का? तसेच ते.

मग पहिला टेकडीचा गुरुवार आला. वर जाताना काही वाटले नाही. वस्ती वीसेक घरांची. उतरताना मात्र मधल्या वळणावर, जिथे वाटेत बैलाच्या पाठीएवढा खडक उघडा पडला आहे, तिथे माझे पुढचे चाक अडखळले. अभिमनने पाय टेकायला खाली सोडला, आणि खाली जमीन नव्हती. म्हणजे होती, पण त्याच्या पायापासून चार बोटे दूर. तो दांड्यावर आपटला आणि माझ्यासकट घसरत गेला. खालच्या अंगाला खोल ओहोळ होता. कडेच्या बोरीच्या झुडपाने आम्हाला धरले.  बाहेर आल्यावर तो माझ्यावर बसला नाही, हँडल धरून चालत खाली उतरला.

मित्रांनो, तेव्हापासून आम्ही दोघे भित्रे झालो. तो मला भ्यायला लागला आणि मी त्याच्या अधांतरी पायाला.

पुढच्या खेपेला त्याने मला खालीच बाभळीला टेकवले आणि पायी गेला. चार तास मोडले. वर गेल्यावर त्याने काय केले, ते परत आल्यावर तो स्वतःशीच बडबडला तेव्हा मला कळले. प्रत्येक भिंतीवर त्याने एका तारखेऐवजी तीन तारखा लिहून टाकल्या. आजची, पंधरा दिवसांनंतरची आणि महिन्यानंतरची. "वरचे लोक कुठे वाचतात," तो म्हणाला. रजिस्टर भरले, भिंत भरली, आणि महिनाभर टेकडी टळली. पण त्या महिन्यात गुरुवार जवळ आला की त्याची भूक जाई, आणि मला पुसताना तो माझ्याकडे पाहत नसे.

वरचे लोक वाचत होते. धुरपदाबाई नावाच्या म्हातारीचा मुलगा निंबा चौथी शिकलेला होता. दसऱ्याच्या आधी, एका बुधवारी, तो सीताफळे विकायला पहूरला उतरला आणि सुगंधाबाईला भेटून गेला. संध्याकाळी ती अभिमनला म्हणाली, "निंबा आला होता. त्याची बायको तापानं पडली आहे, चार दिवस झाले."

"मग दवाखान्यात नाही नेली?"

"झोळीत घालून उतरवायचीच होती. पण भिंतीवर उद्याची तारीख लिहिली आहे ना, म्हणून थांबले. सरकारी माणूस गोळ्या घेऊन दारात येणार असला, तर आजारी माणसाला गोट्यांवरून का हिंदळायचं, असं म्हणत होता."

 अभिमनने भाकरीचा तुकडा ताटातच ठेवला.

"तारीख तुम्ही लिहिली आहे," सुगंधाबाई हळूच म्हणाली. "मी नाही."

सकाळी त्याने मला बाहेर काढले. या वेळी बाभळीपाशी थांबला नाही. ढकलत ढकलत मला वरपर्यंत नेले. का, ते मला तेव्हा कळले नाही. बहुधा त्यालाही कळले नसेल.

धुरपदाबाई दारातच बसली होती. तिच्या डोक्याशेजारी भिंतीवर तिन्ही तारखा होत्या.

"उना का भाऊ," त्याला आलेला पाहून ती तिच्या अहिराणीत म्हणाली. "तुनी वाट दखी राहिनूत. सूनले ताप शे. आते ती वळखस बी नही."

अभिमन आत गेला. त्याने रक्त घेतले, गोळी दिली. गोळी उलटली. दुसरी दिली, तीही उलटली. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा गेरू धुऊन गेलेल्या भिंतीसारखा फिका झाला होता. त्याने घड्याळ पाहिले. अकराला दहा मिनिटे होती. दवाखान्याची एकच जीप, ती गुरुवारी बारा वाजता डॉक्टरांना घेऊन तालुक्याला जायची. एकदा गेली की संध्याकाळपर्यंत परत नाही.

"निंबा, झोळी बांध," तो म्हणाला. "चौघं जण हिला खालच्या बाभळीपर्यंत आणा. मी पुढे जाऊन जीप थांबवतो."

"चालत जाशी तं बारा वाजतीन," धुरपदाबाई म्हणाली.

"चालत नाही जात."

उताराच्या तोंडाशी त्याने मला उभे केले. वाट खाली वाकून दिसेनाशी होत होती. मित्रांनो, मला हात असते, तर मी वस्तीतला एखादा खांब घट्ट धरला असता.  मग अभिमनने खिशातून ब्लेड काढले आणि माझ्या चिमट्यावरच्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. वाळलेले सोपट गळून पडले. त्याने सीट पार खाली बसवली. शाळकरी मुलासारखे दिसेल म्हणून जे आजवर केले नव्हते, ते सगळे केले. दांडा मात्र त्याला खाली करता येईना. ती चूक जळगावलाच कायमची जोडली गेली होती.

"बूड मागे," तो पुटपुटला. "दोन बोटं."

आणि आम्ही निघालो.

पहिल्या गोट्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा दबले. धक्का माझ्या स्प्रिंगांत शिरला आणि तिथेच विरला, त्याच्या मनगटापर्यंत गेला नाही. दुसरा गोटा, तिसरा. खडी टायरांखालून सटासट उडत होती. मडगार्ड खडखडत होते. माझा मागचा कडक भाग प्रत्येक दगड त्याला जसाच्या तसा सांगत होता, आणि तो पायांवर उभा राहून ऐकत होता. मग तो खडक आला. त्याने चारही बोटांनी पुढचा ब्रेक आवळला. मला कळले की आता संपले. पण त्याने लगेच दोन बोटे सोडली. चाक खडकावर चढले, उतरले, मी एकीकडे कलले, त्याने पाय सोडला, पुन्हा चार बोटे कमीच पडली, आणि आम्ही पडलो. या वेळी डोंगराच्या अंगाला पडलो, एवढाच फरक.

त्याचे कोपर सोलून निघाले. माझी घंटी कुठे गेली ते आजवर कळले नाही. त्याने काचपट्टीचा डबा कानाशी नेऊन हलवून पाहिला, मला उचलले आणि पुन्हा टांग मारली. रडत होता. रडत रडत खालपर्यंत आला.

दवाखान्याच्या फाटकात आम्ही शिरलो तेव्हा जीपचे इंजिन सुरू होते.

निंबाची बायको वाचली. दिवाळीनंतर ती घरी गेली. त्या गुरुवारी अभिमन मला ढकलत, ओले फडके घेऊन वर गेला आणि धुरपदाबाईच्या भिंतीवरच्या तिन्ही तारखा पुसायला लागला. म्हातारी म्हणाली, "का पुसस? लिखेल तारीखले बरोबर उना तू. बठ्ठा गाव सांगस, घरोघर."

अभिमन तिच्यासमोर खाली बसला. "अक्का, त्या तिन्ही मी एकाच दिवशी लिहिल्या होत्या. मधल्या तारखेला मी आलोच नाही. मी घाबरलो होतो."

"माले ठाऊक शे. तिन्हीस्ना गेरू एकच व्हता."

"मग थांबल्या कशाला?"

म्हातारीने भिंतीकडे पाहिले. "लिखेल व्हतं ना, भाऊ."

एवढेच बोलून ती शेळीला पाला टाकायला उठली. मित्रांनो, अभिमनने तिन्ही तारखा पुसल्या आणि त्यांच्या जागी फक्त त्या दिवसाची लिहिली.

पुढच्या आठवड्यात त्याने मला जळगावला नेले. चांदभाईंनी कोपरावरचा वण पाहिला, माझा वाकलेला मडगार्ड पाहिला आणि "मी सांगितलं होतं" असे म्हटले नाही. असे न म्हणणारा दुकानदार मी एकच पाहिला. अभिमन माझ्या धाकट्या बहिणीच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभा राहिला. दोन्ही टाचा टेकल्या. "ही द्या, आणि हिला ठेवून घ्या," तो म्हणाला. जाताना त्याने माझ्या सीटवरून एकदा हात फिरवला. मला वाईट वाटले का? वाटले. पण माझ्या मापाचा नसलेला माणूस जिवंत घरी गेला, हे मी नफ्यातच धरते.

आता मी चांदभाईंकडे भाड्याने जाते. साखळीला गंज चढला आहे, एक स्प्रिंग उठत नाही. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी, अंगाला ऊन लागले की मला ती वाट आठवते आणि माझे ब्रेक आपोआप आवळल्यासारखे वाटतात. अभिमन कधी टायर बदलायला येतो. म्हणतो, अजून उताराची भीती वाटते, पण तारीख मात्र वर पोचल्यावरच लिहितो.

तेव्हा मित्रांनो, सायकल घ्यायला गेलात तर आधी दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. टाच टेकत नसेल, तर भाव विचारू नका. स्प्रिंग बांधून ठेवू नका, साखळीला तेल द्या. भीती वाटली तर उतरून चाला, कोणी हसले तर हसू द्या. फक्त जिथे गेला नाहीत, तिथल्या भिंतीवर तारीख लिहू नका. आत कोणीतरी तापात पडलेले असते, आणि ते थांबते.