तोंडाला कुलूप

बाकीचे बारा जण उठले तसा हार्लन ऑस्बीही उठला. कोटाचं बटण लावत तो शेजारच्या खुर्चीतल्या ट्रुडीच्या मागोमाग ज्युरीच्या खोलीकडे निघाला होता, तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी त्याला नावाने हाक मारली.

"मिस्टर ऑस्बी, तुम्ही थांबा."

हार्लन परत बसला. बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. खटला तेरा जणांनी ऐकला, पण निकाल बाराच जण ठरवणार. मध्येच कुणी आजारी पडलं तर अडू नये म्हणून एक जण राखीव. तो कोण हे शेवटपर्यंत कुणालाच सांगायचं नसतं, नाहीतर तो कान देऊन ऐकत नाही. तर तो राखीव माणूस म्हणजे हार्लन.

"तुम्ही घरी जा. पण निकाल लागेपर्यंत खटल्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढायचा नाही. कुणी गळालं तर तुम्हाला परत बोलावू."

ट्रुडीने दारातून वळून पाहिलं आणि हात अर्धवट वर केला. मग दार लागलं.

खटला हाडांचा होता. जनावरांच्या नव्हे, डायनासोरच्या. कुणा एकाने कुंपणापलीकडच्या रानातून ती खणून विकली, असा आरोप होता. रान वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारच्या मालकीचं, म्हणून खटला केंद्राच्या कोर्टात, ग्रेट फॉल्स शहरात, आणि ज्युरीची माणसंही लांबलांबून गोळा केलेली. हार्लनला तीन तासांची वाट होती, म्हणून कोर्टाने लॉज दिला होता. ज्युरीच्या खोलीत खटल्यावर बोलायला बंदी, त्यामुळे दोन आठवडे माणसं बाकी सगळ्यावर बोलली. गुडघे, कुत्री, जावई. ट्रुडी शाळेची बस चालवायची आणि घरून केक करून आणायची. पाच वर्षांपूर्वी बायको, इनेझ, गेल्यापासून हार्लनचं बोलणं म्हणजे गुरांना हाकारणं आणि रेडिओवरच्या हवामानवाल्याला शिव्या देणं. त्या खोलीत मात्र गडी असा काही सुटला की एकदा ट्रुडीला म्हणावं लागलं, "अहो, आधी केक गिळा, मग बोला."

घरी आल्यावर त्याने बॅग उघडलीच नाही. बोलावणं आलं तर तयारी असावी म्हणून ती दाराशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावातल्या डोरिनच्या कॅफेत गेला. एरवी तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा. कुणाचं वैर नव्हतं, पण त्याला विचारावं असं कुणाकडे काही नसायचं. आज मधल्या टेबलावरच्या गसने पायाने खुर्ची पुढे ढकलली.

"ये रे, बस. काय झालं त्या हाडांचं?"

"बोलता येत नाही. तोंडाला कुलूप आहे."

"मग कानात सांग."

"कानातही नाही. न्यायाधीशबाईंनी बजावलंय."

"जन्मभर बायकोचं ऐकलं नाहीस, आणि आता बाईमाणसाचं ऐकतोस होय?" वेंडेल म्हणाला.

सगळे हसले. हार्लनही हसला. मग रोजच असं सुरू झालं. गस स्वतःचा निकाल देऊन टाकायचा आणि हार्लनचा चेहरा निरखत बसायचा. हार्लन साखर न घातलेली कॉफी चमच्याने ढवळत राहायचा. ती खुर्ची आता त्याचीच झाली होती.

सोमवारी दुपारी फोन वाजला. हार्लनने आधी बॅग उचलली, मग फोन.

"मिस्टर ऑस्बी, कोर्टातून बोलतेय. निकाल लागला, निर्दोष. तुम्ही मोकळे झालात, आता हवं त्याच्याशी बोला."

"मलाही तेच वाटलं होतं," तो घाईने म्हणाला. "त्याचं काय आहे, ते कुंपण आहे ना..."

"हो का? बरं, कोर्टातर्फे तुमचे आभार."

फोन बंद झाला. कुंपणाचं वाक्य त्याने ओट्यापुढे उभं राहून, भिंतीकडे बघत पुरं केलं. इनेझ गेली त्या रात्रीसुद्धा घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं. पुष्कळ वेळाने त्याच्या लक्षात आलं की बॅग अजून हातातच आहे.

दुसऱ्या दिवशी कॅफेत गसने नेहमीसारखी खुर्ची ढकलली.

"काय साहेब, उघडलं का कुलूप?"

हार्लनने टोपी काढून मांडीवर ठेवली. सगळी टेबलभर माणसं त्याच्याकडे बघत होती. सांगून टाकलं असतं तर दहा मिनिटांत संपलं असतं, आणि गस परत गव्हाच्या भावावर आला असता. कोर्टात ज्युरीची शपथ घेताना वर केलेला उजवा हात त्याने टोपीखाली सरकवला.

"अजून नाही," तो म्हणाला.

"लांबलं की रे फारच."

"लांबलंय खरं."

डोरिन कॉफीची किटली घेऊन आली. तिच्या काखेत सकाळचा पेपर होता आणि पहिल्याच पानावर हाडांचा मोठा फोटो. तिने हार्लनकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते आणि तो कपातच बघत होता.

"डोरिन, पेपर दे गं इकडे," वेंडेल मागे न बघताच म्हणाला.

तिने फोटो आत जाईल अशी पेपरची घडी घातली आणि ती एप्रनच्या खिशात कोंबली.

"आज आलाच नाही," ती म्हणाली, आणि हार्लनचा कप काठोकाठ भरला.