गिएरीचा गडगा

दर जुलैत शहरातून आठवडाभर जी माणसं वर डोंगरातल्या कुरणावर फुकट राबायला यायची, त्यांच्याबद्दलचं गिएरी काव्हेनचं मत गावात सगळ्यांना तोंडपाठ होतं. बँकेत बसणारे लोक हे, यांना घरी कामधंदा नाही, एक दगड उचलायचा तर आधी तासभर त्याच्याशी ओळख करून घेतात, आणि खायला बसले की उठत नाहीत. डेअरीत, चर्चच्या पायरीवर, जो सापडेल त्याला तो हे ऐकवायचा. आणि जून लागला की हाच बाबा गोठ्याच्या माळ्यावर त्यांच्या अंथरुणासाठी नवं गवत पसरायचा, लांब टेबल घासून काढायचा, आणि सगळ्यांत मुरलेलं चीज पुढच्या फळीवर आणून ठेवायचा. कोणी विचारलंच, तर म्हणायचा, मागे उंदीर झालेत.

आता खरं काय ते सांगून टाकायला हरकत नाही. दरीच्या काठाने गेलेला तो गडगा, चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, तो दरवर्षी पाडायचा कोण? गिएरीच. सप्टेंबरात गुरं खाली गावात उतरली की हा "दारं लावून येतो" म्हणत मागे राहायचा, पहार घ्यायचा, आणि त्या लोकांनी उन्हाळ्यात घाम गाळून रचलेल्या गडग्याला चांगलं ऐसपैस खिंडार पाडायचा. मग वसंतात, ही माणसं पाठवणाऱ्या शहरातल्या संस्थेला फोन. यंदाही बर्फाने घात केला, माणसं पाठवा. बर्फ बिचारा कुठे फिर्याद करायला जाणार.

एवढा खटाटोप कशासाठी, तर त्या एका आठवड्यासाठी. बायको, ओन्ना, गेल्यापासून गिएरी सगळा उन्हाळा वर एकटा असायचा. कालवडी होत्या, पण कालवडींशी माणूस किती बोलणार? जुलैच्या त्या आठवड्यात मात्र टेबलाभोवती दाटीवाटीने माणसं बसायची, बार्लीच्या सुपाचं पातेलं फिरायचं, आणि कोणीतरी हाक मारायचं, "गिएरी, हा दगड इथे बसेल का रे?" तो म्हणायचा, "तुझ्या डोक्यावर बसेल." सगळे हसायचे. त्यावर त्याचा हिवाळा निघायचा.

यंदा मात्र गटाची म्होरकी रेगुला आली ती तोंड पाडूनच. रेगुला बाझेल शहरातली, शाळेतून निवृत्त झालेली, हाताला घट्टे आणि जिभेला धार. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "गिएरी, ऐक. संस्थेत नवा साहेब आलाय, ब्रुंडलर. तो म्हणतो, सहा वर्षं एकच गडगा म्हणजे काय थट्टा आहे? शनिवारी स्वतः बघायला येतोय. गडगा पक्का झाला असेल, तर पुढच्या वर्षीपासून आम्हाला पलीकडच्या खोऱ्यात पाठवणार."

"बरं होईल. माझं चीज वाचेल," गिएरी म्हणाला, आणि त्याने तिची पिशवी उचलून माळ्यावर नेली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने काम बिघडवायचा चंग बांधला. उर्स नावाचा एक विमा कंपनीतला गडी होता. पहिल्या वर्षी त्याने बटाट्यासारखे गोल दगड एकावर एक ठेवले होते आणि ते रात्रीत घरंगळले होते. त्याला गाठून गिएरी म्हणाला, "तो लांब दगड आडवा लाव, दर्शनी बाजूला. दिसायला झोकात दिसतो."

उर्सने वर पाहिलं. "डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? लांब दगड आत खुपसायचा, म्हणजे तो दोन्ही बाजू धरून ठेवतो. तूच शिकवलंस. शिव्या देऊन शिकवलंस."

"तेव्हा सांगितलं ते वेगळं."

"दगड तेच आहेत की."

बरं, माणसाने एकदा वाकड्यात शिरायचं ठरवलं तर नीट शिरावं ना? तेही याच्याने होईना. नव्याने आलेल्या एका पोरीने दगड बसवला तो डुगडुगत होता. गिएरी शेजारून मुकाट्याने पुढे गेला, चार पावलं टाकली, थांबला, कपाळाला आठ्या घालून परत आला, दगड उपटला, फिरवला, मागून दगडाची चीप ठोकून घट्ट केला. "असा. झोपला पाहिजे तो. उभा नाही राहिला पाहिजे." मग स्वतःवरच चरफडला. असं करत करत शुक्रवारपर्यंत गडगा पुरा झाला, आणि त्यातला निम्मा तरी त्याच्याच हातचा होता.

शुक्रवारी मंडळी जेवायला बसली तेव्हा गिएरी पहार घेऊन बाहेर पडला. अजून चांगला उजेड होता. कुरणाच्या बाजूने उभा राहून त्याने पहार दगडांत घातली आणि जोर लावला. वरचा एक दगड निघाला, खालचा हलेना. पुन्हा लावला. तेवढ्यात मागून रेगुलाचा आवाज आला.

"या वर्षी तरी दरीकडे पाड."

तो गारच झाला.

"बर्फ वरून येतो, गिएरी," रेगुला गडग्यावर टेकत म्हणाली. "तो दगड दरीत ढकलतो. तुझे दगड मात्र दर वसंतात कुरणाच्या बाजूला, वर. तेही नीट, एकावर एक. आम्हाला दुसऱ्याच वर्षी कळलं."

गिएरीने पहार दगडांतून उपसून काढली. "दरीत गेलेला दगड परत कोण आणणार?" तो म्हणाला. "चांगले दगड आहेत ते."

"हेच म्हणते मी. लबाडी करायची तीही काटकसरीने."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर गडगा पुरा झाला असता." रेगुलाने निघालेला दगड उचलून परत जागेवर ठेवला. "शाळा सुटल्यापासून मला कोणी काही विचारत नाही रे. उर्सची बायको सोडून गेली, त्याला वर्षभर या आठवड्याचीच वाट. आम्हाला काय, दगडांचं वेड लागलंय?"

तिने त्याच्या हातातली पहार काढून घेतली. मग म्हणाली, "पाडू नकोस, उघड दिसेल. ब्रुंडलर इथला नाही, त्याला दगडातलं कळत नाही, तो तुलाच विचारणार. तू एवढंच म्हण, हा मधला भाग कच्चा आहे, बर्फात टिकणार नाही. बाकी मी बघते."

"एवढंच ना? म्हणतो की." गिएरीला इतकं हलकं वाटलं की त्याने जेवताना उर्सला चीजचा दुसरा तुकडा आपल्या हाताने वाढला. उर्स घाबरलाच.

शनिवारी ब्रुंडलर आला. पायात नवेकोरे बूट, बोलायला अगदी सभ्य. गडग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला, बुटाने एक-दोन ठिकाणी ढोसून पाहिलं आणि म्हणाला, "काव्हेन, मला यातलं काही समजत नाही. तुम्ही सांगा. टिकेल का?"

सगळे थांबले. रेगुला आपल्या नखांतली माती काढत होती. उर्स आभाळाकडे बघत होता.

"हा मधला भाग..." गिएरीने सुरुवात केली, आणि दाखवायला म्हणून गडग्यावर हात ठेवला. हाताखाली उर्सचा लांब दगड आला. आत खोल गेलेला, दोन्ही बाजू धरून बसलेला, बोटही शिरणार नाही असा. गिएरीने हात जरा सरकवला. तिथेही तसंच.

"मधला भाग काय?" ब्रुंडलरने विचारलं.

गिएरीचा चेहरा लालबुंद झाला. "कोण म्हणतं कच्चा आहे?" तो खेकसला. कोणीच काही म्हटलं नव्हतं. "माझ्या बापाला असा गडगा जमला नाही, मला जमला नाही. या माणसांनी बांधलाय. माझी नातवंडं असती, तर त्यांची नातवंडं यावर बसली असती. चला, पुढचं बोला."

ब्रुंडलर भलताच खूश झाला. त्याने एकेकाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, पलीकडच्या खोऱ्यात पुढच्या वर्षी तुमच्यासाठी भरपूर पडके गडगे आहेत अशी आनंदाची बातमी दिली, आणि उतरणीला लागला.

तो वळणाआड गेल्यावर उर्स हळूच म्हणाला, "अरे, एक वाक्य होतं फक्त."

"दगड बरोबर बसलेत," गिएरी म्हणाला. "मग मी काय सांगू?"

"सहा वर्षांत एकदाही चांगलं म्हणाला नाहीस आम्हाला," रेगुला म्हणाली. ती हसत होती की रडत होती, कळत नव्हतं. "आणि म्हणालास तेही आज."

कालवडी कुठे गेल्या बघून येतो, असं पुटपुटत गिएरी वरच्या बाजूला निघून गेला. कालवडी सगळ्यांच्या समोरच चरत होत्या.