दोन सीटची सवत

“शीतल म्हणते, पट्टा एकच घेऊ. तोही बारीक,” हे म्हणाले आणि ताटातल्या बांगड्याकडे नुसते बघत राहिले.

बांगडा मी सकाळी स्वतः बाजारात जाऊन आणला होता. तिरफळं घालून तिखलं केलं होतं. एरवी ताट चाटूनपुसून स्वच्छ करणारा माणूस, आज भात चिवडत पट्ट्याचा विचार करत होता. मी म्हटलं, शीतल म्हणते तर घ्या बारीक, आणि तिखल्यात मीठ बरोबर पडलंय का तेही तिलाच फोन करून विचारा. त्यावर हे हसले. इतकी वर्षं संसार केला, पण टोमणा म्हणून काही असतं हे ह्या माणसाला अजून कळलेलं नाही.

ही शीतल म्हणजे दहिसरच्या दशरथ पेंटरची मुलगी. चेकनाक्याच्या अलीकडे त्यांचं गॅरेज आहे. बाप गाड्यांना रंग मारतो आणि ही पोरगी जुन्या गाड्या कशा दिसाव्यात त्याची चित्रं कॉम्प्युटरवर काढून गिऱ्हाइकाला दाखवते. तिच्याकडे आमची सवत मुक्कामाला होती. दोन दरवाजे, दोनच सीटा, वर कापडाचं टप. पन्नासेक वर्षांपूर्वीची विलायती स्पोर्ट्स कार, सांताक्रूझच्या एका बंगल्यात ताडपत्रीखाली धूळ खात पडलेली. ह्यांनी व्हीआरएस घेतली, कणकवलीच्या जागेतला हिस्सा आला. अशा वेळी लोक काशीला जातात, नाहीतर किचनचे ओटे बदलतात. आमचे केतनराव ही बया घेऊन आले. औषधाच्या कंपनीत उभा जन्म स्टोअर सांभाळलं आणि स्कूटरवर पुढे म्हैस आली तरी हॉर्न न वाजवता थांबून राहिले, असा हा माणूस.

गाडी घेतली त्याचं मला काही वाटलं नाही. छे, खोटं कशाला बोलू, वाटलं. पण खरं झोंबलं ते पुढचं. कांदिवली स्टेशनच्या बाहेर माझं मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, परकर, ब्लाउजपीस. बोरिवलीच्या बायका आपल्या दारातली दुकानं सोडून माझ्याकडे साडी घेऊन येतात आणि म्हणतात, दर्शनाताई, तुम्हीच काढा, आम्ही नाही बोलायच्या. आणि माझ्या स्वतःच्या नवऱ्याला रंग ठरवायचा तर तो दहिसर गाठतो. रंगाचं एक वेळ सोडा, टपाचं कापड. अहो, कापड! तेसुद्धा त्या पोरीला विचारून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

रोज काहीतरी ठरत होतं. बंपर चकचकीतच ठेवायचा, शीतल म्हणते. चाकं तारांची घ्यायची, शीतल म्हणते. मागचं सामान बांधायचं जाळीचं कॅरिअर काढून टाकायचं, त्याने पाठ जड दिसते, शीतल म्हणते. गाडीची पाठ जड दिसते! माझ्या पाठीला स्लिपडिस्क झाला तेव्हा इतकी चौकशी नव्हती झाली. संध्याकाळी गॅलरीत उभं राहून हे तिच्याशी फोनवर बोलायचे, मधूनच खुदकन हसायचे. मी आत कणीक तिंबत सगळं ऐकायची. पण विचारलं नाही. मी का विचारू? विचारायचं त्यांनी.

एकदा हे आंघोळीला गेले तेव्हा मी फोनमधलं चित्र बघून घेतलं. मोतिया रंग, तपकिरी टप, कडेने मरून रंगाचा बारीक पट्टा. चित्र मला आवडलं, आणि आवडलं म्हणून जास्तच राग आला. भिकार असतं तर निदान नाक मुरडता आलं असतं.

शुक्रवारी सकाळी गाडी चारकोपला आली. सोसायटीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. देखणी दिसत होती सटवी. हे तिच्याभोवती फिरत होते आणि तळमजल्यावरच्या सुंदराबाई मला म्हणाल्या, नशीब काढलंस हो दर्शना. मी हसले.

दशरथ पेंटरने बजावलं होतं की रंग वरून सुकलेला दिसला तरी आत अजून कच्चा आहे, पूजा करायची तर नुसता हार घाला. हे मला उठल्यापासून तेच ऐकवत होते. कुंकू कागदावर काढ हां, गाडीला नको. गाडीला नको! नवी वस्तू घरात आली की तिच्यावर स्वस्तिक मी काढते. स्कूटरवर काढलं, फ्रिजवर काढलं, मिक्सरवरसुद्धा काढलं. ह्या बयेत माझ्या पसंतीचं एक सूत नव्हतं, आता कुंकवालाही बंदी? हे नारळ आणि लिंबं आणायला कोपऱ्यावर गेले. मी वाटीत तेलात कुंकू कालवलं आणि बॉनेटच्या मधोमध बोट दाबून स्वस्तिक काढलं. चांगलं ठसठशीत. वर ऊन तापलं होतं. ह्यांना वाटेत कोणीतरी भेटलं, यायला उशीर झाला. मी उभी होते, पण पुसलं नाही.

आल्यावर ह्यांनी ते बघितलं. आधी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ बाजूला फोडला, आणि मग रुमालाने हळूच बॉनेट पुसलं. कुंकू निघालं. खाली गुलाबी स्वस्तिक तसंच राहिलं. पुन्हा पुसलं, मग शर्टाच्या टोकाने पुसलं. रंगाने कुंकू पिऊन टाकलं होतं.

मी वाट बघत होते की हे आता ओरडतील. ओरडावं असंच मला वाटत होतं. म्हणजे मग मलाही तोंड उघडता आलं असतं, सगळं शीतलपुराण बाहेर काढता आलं असतं. हे नुसते म्हणाले, “जाऊ दे. परत मारून घेऊ.” आणि गाडी घेऊन पुन्हा दहिसरला गेले. जाताना गाडीला घातलेला हार काढून माझ्या हातात दिला. त्यांचे डोळे भरलेले होते. माझ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले तेव्हा ह्या माणसाच्या डोळ्यात पाणी आलं होतं का, हे मी उभ्या उभ्या आठवून बघितलं. इतकी मी जळत होते.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी दहिसरला गेले. भांडायलाच गेले. हे आणि दशरथ रंगाचं सामान आणायला बाहेर पडले होते. शीतल एकटीच होती. गळ्यात मास्क लटकलेला, नखांत रंग, केसांना पिना कशाही खोचलेल्या. मी मनात जी रंगवली होती तिच्यापुढे ही अगदीच साधी निघाली. तिने स्टूल पुसून दिलं, चहा मागवते म्हणाली. मी म्हटलं, चहा राहू दे बाई, तुझ्या पसंतीची मी वाट लावली, ते सांगायला आलेय.

तिने गळ्यातला मास्क काढून हातात घेतला.

“माझी पसंती?” ती म्हणाली. “काकी, मोतिया मला नकोच होता. काकांनाही नको होता. त्यांनी पहिल्याच दिवशी केशरीवर बोट ठेवलेलं.”

मग तिने सगळं सांगितलं. ह्यांनी केशरीवर बोट ठेवलं, मग उचललं आणि म्हणाले, नको, घरी भडक चालत नाही. टपाच्या कापडासाठी आमच्या हॉलच्या पडद्यांचा फोटो घेऊन आले. पट्ट्याचा मरून रंग माझ्या पैठणीच्या काठावरून घेतला. तिला दोन पट्टे हवे होते, जाड. हे म्हणाले, बारीक बरा, ती बारीकच काठ घेते. ती म्हणाली, काकींनाच घेऊन या ना एकदा, सोपं पडेल. तर म्हणाले, तिला सगळं तयार करूनच दाखवायचंय. आणि घरी मात्र सगळं ‘शीतल म्हणते’ म्हणून खपवत होते.

“मी वैतागले यार शेवटी,” शीतल म्हणाली. “त्यांना म्हटलं, काका, चालवणार कोण आहे?”

मी चहा न घेता निघाले. रिक्षात बसले आणि सबंध लिंक रोडभर घर डोळ्यांपुढे आलं. भिंतींचा पिस्ता रंग माझा. पडदे माझे. सोफ्याची कव्हरं माझी. स्कूटर लाल बघून आले होते, मी करडी घ्यायला लावली. ह्यांच्या कपाटातले शर्ट, फिके निळे, फिके राखाडी, सगळे मी माझ्या व्यापाऱ्याकडून आणलेले. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला हे स्वतःसाठी एक केशरी टीशर्ट घेऊन आले होते. मी म्हटलं होतं, अहो, हे घालून माझ्याबरोबर येऊ नका. नंतर मी त्याचं फडकं केलं होतं. मोतिया माझ्यासाठी होता, आणि त्याच्यावर मीच बोट दाबलं होतं. रिक्षावाल्याने आरशातून बघून विचारलं, ताई, ठीक आहात ना. मी म्हटलं, गाडी चालव बाबा.

संध्याकाळी हे दमून आले. हातात शीतलचं शेडकार्ड होतं, पंख्यासारखं उघडणारं. चहा घेतला आणि ते कार्ड माझ्यासमोर ठेवलं.

“दशरथ म्हणतो, नुसतं बॉनेट मारून रंग जुळायचा नाही, सगळीच परत मारावी लागेल,” हे म्हणाले. “आता तूच सांग कुठला मारायचा. मी उगाच शहाणपणा केला.”

महिनाभर मी ज्यासाठी जळत होते ते हेच. मी कार्ड त्यांच्याकडे सरकवलं.

“तुम्हाला कुठला आवडतो?”

“तुला आवडेल तो.”

“मी तुम्हाला विचारतेय.”

ह्यांनी चष्मा लावला. पांढरे गेले, मोतिया गेले, निळे गेले. केशरीच्या पानावर थांबले. बोट उचललं आणि ते टेकवण्याआधी माझ्या तोंडाकडे बघितलं.