'इस' की 'उस'

अब्बा बोलत होते तोवर त्यांच्या लिहिण्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. उर्दूत कादंबऱ्या लिहिल्या, दैनिकात बातम्या रगडल्या, संपादकाची खुर्ची झिजवली. गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला, उजवा हात आणि जीभ एकदमच गेली, आणि आज डाव्या हाताने त्यांनी चिठ्ठीवर एक ओळ खरडली. धाकटी लेक सकाळपासून ती उलटसुलट करून बघत होती. अर्थ लागेल तर शपथ.

घरात राहायचं नाही, एवढं स्पष्ट होतं. कुठल्या घरात, तिथेच घोडं पेंड खात होतं. उर्दूत 'इस' आणि 'उस' दिसायला एकच. अलिफ आणि सीन, दोन अक्षरं, संपलं. अलिफाखाली बारीक रेघ दिली की 'इस', म्हणजे या. वर छोटं वेटोळं दिलं की 'उस', म्हणजे त्या. पण देतो कोण? पावसाचं वर्णन चार पानं करणारा हा गृहस्थ चिन्हांच्या बाबतीत पक्का कवडीचुंबक. वार्ताहरांनी दिलेली चिन्हंसुद्धा लाल पेनाने खोडायचे आणि वर म्हणायचे, "वाचणाऱ्याला अक्कल असते." एका कादंबरीची नायिका शेवटी माहेरी गेली की सासरी, यावरून वाचक हमरीतुमरीवर आले होते. अब्बांनी दोन्ही बाजूंची पत्रं छापली आणि महिनाभर खूश होते. आता भोगा म्हणावं.

धाकटीला अब्बा हवे होते. अगदी मनापासून हवे होते. जेवणाचं टेबल भिंतीला उभं करून तिने आपल्या घरात त्यांची खाट लावली होती. आणि आज थोरला भाऊ त्यांना आपल्याकडे न्यायला आला होता.

त्याने चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "इस. या घरात राहायचं नाही. स्वच्छ आहे."

"स्वच्छ कसलं, भाई? उस आहे. त्या घरात. तुझ्या."

"अगं, बसलेत इथे. मग 'या' म्हणजे हेच ना?"

"लिहिलं तेव्हा मी तुझ्याच खोलीचं सांगत होते."

ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी लागतं. इथे तेवढंही नव्हतं. तिलाही नीट कळेना, आपण वाचतोय की मागतोय. अब्बा खाटेवरून एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते.

शेवटी तिने त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं. "अब्बा, जन्मात एकदा तरी चिन्ह द्या."

पेन कागदावर टेकलं. अलिफाखाली रेघ आली. इस.

म्हणजे हेच घर, धाकटीचं. सूप अळणी होतं म्हणून? टीव्ही मोठा लावते म्हणून? थोरला अब्बांची बॅग उचलायला वळला.

पण पेन थांबलं नव्हतं. ते त्याच अलिफाच्या वर गेलं आणि बराच वेळ घेऊन तिथे वेटोळं काढलं.

"हे काय? खालीही, वरही? असं कुठे असतं?" थोरला म्हणाला. "गोंधळलेत बिचारे."

अब्बांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ते वार्ताहराची भिकार बातमी परत करताना पाहायचे. ती नजर धाकटीच्या ओळखीची होती. अब्बा गोंधळले नव्हते. या घरात नाही आणि त्या घरातही नाही.

थोरल्याने बॅग खाली ठेवली. महिनाभर दोघांनी खोल्या दाखवल्या, पथ्यं ठरवली, डॉक्टरला विचारलं, एकमेकांना विचारलं. अब्बांना कुणी विचारलंच नव्हतं. धाकटीला स्वतःचीच लाज वाटली. ती खाटेजवळ खाली बसली.

"मग कुठे राहायचंय, अब्बा?"

अब्बांचे डोळे भरून आले. चिठ्ठीवर जागा उरली नव्हती. त्यांनी दुसऱ्या कागदासाठी हात पुढे केला.