देवाच्या ताब्यातला हात

मी एक जुना लाकडी हात आहे आणि हल्ली लोक मला नमस्कार करतात. मित्रांनो, हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. मी आत्ता कुठे कारखान्यातून बाहेर पडतोय, माझा रंग अजून ओला आहे आणि पुढे काय वाढून ठेवलंय याची मला काडीचीही कल्पना नाही.

माझा जन्म घाटावरच्या एका कारखान्यात झाला. बोटं लाकडाची, सांधे लोखंडाचे, पट्टे चामड्याचे. पाठीवरून येणारी एक तार माझ्या मुठीला जोडलेली होती. माणसाने खांदा उडवला की मूठ उघडायची, खांदा खाली आला की मिटायची. कल्पना उत्तम होती. फक्त ती मालवणच्या किनाऱ्यावर पाठवायला नको होती.

माझा मालक दत्ताराम. भातगिरणीच्या पट्ट्यात त्याचा उजवा हात कोपराखाली गेला होता. नारळी पौर्णिमेला गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालून समुद्राला नारळ द्यायचा मान त्याच्या घराण्याचा. पण गावातले वडीलधारे भाई म्हणाले, "येका हातान भीक देतत, नारळ नाय. दोन हात नसतीत तर मान बाळाक." बाळा हा चुलतभाऊ. त्याला दोन हात होते. दुसरं सांगण्यासारखं काही नव्हतं.

म्हणून मला आणलं आणि वैताग सुरू झाला. इकडचा माणूस दर दोन वाक्यांनी खांदे उडवतो. "दत्ताराम, पावस येतलो काय रे?" "माका काय म्हायत!" छत्री गटारात. "बाजारात बांगडो इलो?" "माका काय म्हायत!" कपबशीचे तुकडे. सदऱ्याचं बटण लावायला मी हवा, पण माझे पट्टे आवळायला त्याचा डावा हात लागायचा, तोवर घाम येऊन दंडाला फोड. शेवटी तो चिडून मला खुंटीला टांगायचा आणि गुडघ्यात नारळ धरून एका हाताने झटक्यात सोलायचा. माझ्यासमोर! मित्रांनो, लाकडालाही अपमान कळतो.

त्याची बायको नर्मदा म्हणायची, "ह्यो हात नाय, जावय आसा जावय! काम काय करणा नाय, आणि ठेवचो मात्र जपान." तरी तिने जपलं. पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून मला चुलीवरच्या माळ्यावर ठेवलं, सुक्या बांगड्यांच्या शेजारी. मी खडखडीत वाळलो. माझे पट्टेही वाळले. चामड्याला तेल लागतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या मागे गावातली मांजरं लागली, ती वेगळीच.

नारळी पौर्णिमा आली. सगळा गाव किनाऱ्यावर. दत्तारामने नारळ दोन्ही हातांत धरला.

"हे बा समुद्रा म्हाराजा, होडयेक संभाळ, लेकरांक संभाळ..."

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

बाळा माझ्याकडे टक लावून बघत होता. दत्तारामने अंगातलं सगळं बळ लावून नारळ फेकला. मूठ उघडायची तर खांदा उडवायचा, हे आयुष्यात पहिल्यांदाच तो विसरला. वाळका पट्टा काडकन तुटला आणि नारळाबरोबर मीही गेलो.

मी लाकूड. बुडालो नाही. भरतीने मला किनाऱ्यावर आणून टाकलं. दत्ताराम धावत आला, तर भाई आडवे उभे.

"हात लाव नको! समुद्राक दिलेला परत घेवचा नसता."

"अवो भाई, मी नारळ दिलंय, हात देवक नाय!"

"नारळ हातात होतो मा? मग दोनय गेले."

देवळात कौल लावला. देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची पाकळी चिकटवली. उजवी पडली तर मी दत्तारामचा, डावी पडली तर देवाचा. मी स्वतः उजवा हात, तरी डावी पडली. मला गाभाऱ्यात देवाशेजारी मांडलं आणि हळदकुंकू वाहिलं.

"पण मान तुझोच," भाई गहिवरून म्हणाले. "आजपावत आख्खो हात कोणी समुद्राक देवक नाय." आणि लगेच पुढे म्हणाले, "नारळ मात्र दोन हातांनीच."

दत्ताराम घाटावर नवा हात मागायला गेला. कारखान्याचा नियम असा की जुना हात दाखवा, नवा न्या. देवस्थानचा नियम असा की देवाची वस्तू देवळाबाहेर न्यायची नाही. मान दत्तारामचा आणि नारळ दर वर्षी बाळा फेकतो, तात्पुरता. दत्ताराम मागे उभा राहतो. नंतर देवळात येऊन मला नमस्कार करतो. एका हाताने.

मित्रांनो, वस्तू वापरा, पुसा, तेल द्या, पण कृपा करून पुजू नका. माझ्या सांध्यांत हळदकुंकू बसलंय.

तरी देवस्थान समितीस सविनय विनंती की, सदर देवास वर्षातून एक दिवस रजा मंजूर करून, त्या दिवशी त्यास दत्ताराम यांच्या उजव्या कोपराखाली तात्पुरते विराजमान होण्याची लेखी परवानगी द्यावी. नवीन पट्टा देव स्वतः आणील.