रिलेतली काडी

दीपा चौगुलेनं रिलेची काच उघडली. अर्थ फॉल्ट रिलेच्या चकतीत कुणीतरी काडेपेटीची काडी खुपसली होती, आणि त्या काडीवरच खंडेनवमीचं हळदकुंकू वाहिलेलं होतं. म्हणजे दिसली नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

शिरोली एमआयडीसीच्या मागच्या या सबस्टेशनात तिला वरून धाडलं होतं, रिले तपासायला. दसरा झाल्यावर एक तार तुटून ओल्या गवतात पडली आणि गावातल्या चिमणाबाईची गाभण म्हैस जागच्या जागी गेली. तार जमिनीला टेकली की वीज मातीत उतरते, मग ही चकती फिरते आणि लाईन आपोआप बंद पडते. एवढ्या एका कामासाठी तो डबा भिंतीवर असतो. त्या दिवशी लाईन चालूच राहिली. चिमणाबाई म्हशीकडे धावली होती. शेजारणीनं पदराला धरून मागं ओढलं म्हणून वाचली.

"काडी कुणी घातली?"

"आता कुणाकुणाचं नाव सांगायचं, मॅडम," ऑपरेटर सयाजी तंबाखू मळत म्हणाला. "फांदी टेकली तरी लाईन जातीया. मग फौंड्रीवाल्यांचं फोन. भट्टीतला रस गोठाय लागला म्हणत्यात, आईबाप काढत्यात. काडी घातली, फोन थांबलं."

"आणि म्हैस मेल्यावर? तार जोडून लाईन चालू केलीत, तेव्हाही ती तशीच?"

"पूजा केलेली हाय न्हवं. हात कशाला लावायचा?"

दीपाच्या घरी पाण्यातला जीव मरू नये म्हणून आजही पाणी गाळून पितात. इथं माणसं मारायची सोय करून वर झेंडूची फुलं घातली होती. तिला किळस आली. त्या काडीची, त्या कुंकवाची आणि सगळ्यात जास्त सयाजीच्या निवांत मळणाऱ्या अंगठ्याची.

तिनं चिमट्यानं काडी उपसली. चकती हळूहळू फिरायला लागली, आणि पाठीमागं धाडकन ब्रेकर पडला, लाईन बंद झाली.

आत्ता, या घडीपर्यंत, कुठंतरी वीज मातीत उतरत होती.

फोन खणखणला. सयाजीचा हात सवयीनं ब्रेकरकडे गेला. दीपा आडवी आली.

"आधी लाईन फिरून बघायची. खांबन् खांब."

"भट्ट्या गोठतील, मॅडम."

"गोठू देत."

शेजारच्या लाईनीची रिले तिनं तेवढ्यात उघडून पाहिली. चकती मोकळी, स्वच्छ.

"हिच्यात का नाही घातली?"

"त्या लाईनीवर आमची वस्ती हाय की." सयाजीनं हे भाकरी खाल्ली म्हणावं तसं सांगितलं. "पोरं खेळत्यात तिथं खांबाजवळ."

शिवी द्यावी तर दीपाच्या तोंडात बसत नव्हती, आणि दिली असती तरी पुरली नसती. तिनं ब्रेकरला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि सयाजीला पुढं घालून निघाली.

फौंड्र्या मागं पडल्या. उसाच्या कडेला गुडघाभर ओलं गवत लागलं आणि सयाजी थबकला. पुढं एक खांब कलला होता, त्याची तार खालच्या झुडपात शिरली होती.

"लाईन बंदच हाय न्हवं, मॅडम?"

दीपानं त्याला हातानं पुढं व्हायची खूण केली.

"हाय न्हवं?" त्यानं पुन्हा विचारलं, आणि पाय काही उचलला नाही.