एक सेंटिमीटर जास्त

कटरबाई दहावीला गणितात नापास झाल्या तेव्हा त्यांचं वय होतं सत्तेचाळीस. तेही तीन गुणांनी! लाज वगैरे नाही वाटली, संताप आला. गणवेशांच्या कारखान्यात बावीस वर्षं कापड कापणाऱ्या बाईला भूमितीच्या आकृत्यांना शून्य? हिला त्रिकोण काढता येत नाही म्हणे!

दहावी त्यांना भिंतीवर टांगायला नको होती. नमुने काढणारे काका, म्हणजे ज्यांच्या कागदी आकारांवरून सगळे कपडे कापले जात ते, वर्षअखेरीला निवृत्त होणार होते. त्या टेबलावर दहावी पास माणूसच बसेल, हा मालकांचा नियम. काकांच्या निम्म्या चुका कटरबाईच कापताना गुपचूप सुधारत आल्या होत्या. दुसऱ्याच्या रेषेवर कात्री चालवायचा त्यांना आता मनापासून कंटाळा आला होता.

उत्तरपत्रिकेची प्रत आली तशी सून पट्टी घेऊन बसली आणि मोजता मोजता तिने कपाळाला हात लावला.

"आई, सहाची रेषा सात काढलीय. पाचची सहा. सगळीकडे एक सेंटिमीटर जास्त! का हो?"

"अगं, माया नको सोडायला? शिवणीत जातं ना तेवढं."

"पण आई, त्रिकोण शिवणार कोण?"

बाहेरच्या खोलीत नवरोबा असे हसले की त्यांना ठसका लागला. कटरबाईंनी त्यांना पाणी दिलं आणि चंग बांधला. कपाटाच्या दारावर आतून कागद चिकटवला: फेरपरीक्षेपर्यंत रोज दहा आकृत्या, माया न सोडता.

दोन महिन्यांत हाताला वळण लागलं. इतकं लागलं की एका सकाळी त्यांनी चाळीस शर्टांचा थर काकांच्या नमुन्याबरहुकूम कापला, काठोकाठ. नमुन्याभोवती खडूने माया सोडायचं काम कापणाऱ्याचं, म्हणजे त्यांचंच. मशीनवरच्या बाईने दोन तुकडे जुळवून पाहिले आणि ओरडली, "ताई, ह्यात माया कुठाय?"

कटरबाईंनी तुकडे उलटेपालटे करून पाहिले. कुठेच नव्हती. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

कारखान्यावर देखरेख करणारे मास्तर तणतणत आले. "दोन्ही डगरींवर हात ठेवलात की हे असं होतं! ती शाळा सोडा आता."

"चूक माझी, मास्तर. निस्तरते मी," कटरबाई म्हणाल्या. "पण परीक्षा देणार म्हणजे देणार."

डबासुद्धा न उघडता त्यांनी छत्तीस मापाचे ते चाळीसही शर्ट, या वेळी माया धरून, पुन्हा कापून चौतीस मापाचे केले. एक तुकडा वाया गेला नाही. आणि त्या दिवसापासून स्वतःला नियम घातला: हातात खडू असला की माया, पेन्सिल असली की नाही. येता-जाता पुटपुटत. बायका म्हणायच्या, "आला, ताईंचा मंत्र आला!"

परीक्षेत रेषा आली साडेसहाची. बोटं आपसूक सरकली आणि ठिपका पडला साडेसातवर.

"पेन्सिल आहे, बाई, पेन्सिल!" त्या स्वतःवरच खेकसल्या. पर्यवेक्षकांनी वळून पाहिलं. बघा म्हणावं खुशाल! त्यांनी ठिपका खोडला आणि साडेसहावर नवा दिला.

गणितात एकावन्न मिळाले. कटरबाई ढसाढसा रडायला लागल्या तसे नवरोबा वैतागले, "अगं, पास की नापास? कळेल असं रड जरा!"

नव्या टेबलावर पहिल्या दिवशी मास्तर बाजूला उभे राहून बघत होते. कटरबाईंनी शर्टाची बाही काढली, मापात, केसभर इकडेतिकडे नाही. मग त्याच पेन्सिलीने एक सेंटिमीटर बाहेरून आणखी एक रेषा मारली.

"ही कशाला?"

"माया. आता कापणारीला डोक्यात ठेवायला नको."

मास्तरांनी दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं. मग कागद वळवून कोपरा दाखवला. "इथे सही करा. नमुना काढणाऱ्याची लागते."

बावीस वर्षं त्या कोपऱ्यात त्यांनी काकांची सही पाहिली होती. कटरबाईंनी पेन घेतलं आणि सावकाश, पूर्ण नाव लिहिलं.